वॉचमनच्या ट्रेनिंगचा कागद आपण का मागत नाही?

मा. संपादक साहेब,

सप्रेम नमस्कार. मी कोल्हापूरच्या रुईकर कॉलनीत राहते, 31 वर्षं नर्सची नोकरी करून रिटायर झालीय आणि गेली दोन वर्षं आमच्या अपार्टमेंटची सेक्रेटरी आहे. पत्र थोडं मोठं झालंय पण प्लीज छापा.

जुलैमधली गोष्ट आहे. रात्रीचे अडीच वाजलेले, बाहेर पावसाची झड, आणि खालच्या मीटर रूममधून जळका वास यायला लागला. आमचे वॉचमनमामा पळत गेले आणि त्यांनी पहिल्यांदा काय केलं तर बादली भरून घेतली. दुसऱ्या मजल्यावरचा इंजिनिअरिंगचा पोरगा ओरडतच खाली आला, मामा पाणी मारू नका करंट लागेल, म्हणून ते थांबले, नाहीतर त्या रात्री काय झालं असतं याचा विचार केला तरी अंगावर काटा येतो. मग मामांनी भिंतीवरचा लाल सिलेंडर काढला, दांडी जोरजोरात दाबली, काहीच येईना. ‘ह्यो रिकामाच हाय’ म्हणाले. तो रिकामा नव्हता, काटा हिरव्यावर होता, फक्त पिन ओढायची राहिली होती! पोरानं पिन ओढली, पावडर जाळाच्या बुडाशी मारली, आग विझली.

सकाळी मिटिंग बसली, सगळ्यांचं एकच, माणूस बदला. मी म्हणलं आधी त्यांना विचारू तरी. मामा 58 वर्षांचे, उद्यमनगरातल्या फाउंड्रीत उभी हयात गेली, फाउंड्री बंद पडल्यावर हे काम धरलं. मी विचारलं मामा ट्रेनिंग काय दिलेलं तुम्हाला? म्हणाले, ‘सिस्टर, हापिसात बोलावलं, ड्रेसचं माप घेतलं, शिट्टी दिली, रजिस्टर कसं लिवायचं सांगितलं आणि त्याच रात्री ड्युटीवर हुबा केलं.’ आता सांगा यात मामांची चूक काय?

मग मी मुलाकडून कायदा शोधून घेतला आणि बसून वाचला. खाजगी सुरक्षा एजन्सीचा कायदा 2005 चा आहे. त्याच्या कलम 10 मध्ये स्पष्ट आहे की ठरवलेलं ट्रेनिंग पूर्ण केल्याशिवाय कुणालाही गार्ड म्हणून ठेवता येत नाही. केंद्राच्या मॉडेल रूल्समध्ये, म्हणजे नमुना नियमांमध्ये, हे ट्रेनिंग किती ते पण दिलंय, 100 तास वर्गात आणि 60 तास प्रत्यक्ष फील्डवर, आणि ते कमीत कमी 20 दिवसांत. माजी सैनिक किंवा माजी पोलीस असेल तर 40 आणि 16 तास, 7 दिवसांत. त्यात आग विझवणं, फर्स्ट एड, गर्दी सांभाळणं, ओळखपत्र तपासणं, संशयित वस्तू ओळखणं, आपत्ती आली तर काय करायचं, एफआयआर कशी नोंदवायची, सगळं आहे. 15 गार्डमागं एक सुपरवायझर पाहिजे असं पण लिहिलंय. हे वाचून मला आमचीच लाज वाटली, कारण एजन्सीशी करार करताना आम्ही विचारलं काय तर रेट किती, बदली माणूस देणार का, आणि पोलीस व्हेरिफिकेशन झालंय का. ट्रेनिंगचं सर्टिफिकेट दाखवा असं 36 फ्लॅटपैकी एकानंही विचारलं नाही, त्यात मीही आले.

ट्रेनिंगनं काय फरक पडतो ते मी नोकरीत डोळ्यांनी बघितलंय. कॅज्युअल्टीत ॲक्सिडेंटचा पेशंट आला की मागं 40-50 माणसं येतात, सगळे घाबरलेले, कुणी रडतंय कुणी शिव्या देतंय. आमच्याकडं एक गार्ड नवीन पोरगा होता, तो सरळ छातीवर हात ठेवून ढकलायचा, की झालीच मारामारी सुरू, आणि मार खायचा तोच. दुसरे होते सैनिक टाकळीचे रिटायर्ड फौजी. ते कुणाला हात लावायचे नाहीत. गर्दीतला वयस्कर माणूस हेरायचे, त्यांना बाजूला बाकावर बसवायचे, पाणी द्यायचे, म्हणायचे काका तुमच्यातला एकच जण आत येईल आणि दर थोड्या वेळानं बाहेर येऊन सांगेल, बाकीच्यांना तुम्ही सांभाळा. दोन मिनिटांत दार मोकळं! स्ट्रेचर आत यायला वाट मिळायची. त्या दोन मिनिटांवर पेशंटचा जीव असतो हो. ही कला कुणाच्या पोटातून येत नाही, शिकवावी लागते, आणि शिकवणारी अशी अनुभवी माणसं आपल्या जिल्ह्यात गावोगाव आहेत, त्यांना बोलवा की.

9 जानेवारी 2021 ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आग लागून 10 बाळं गेली. मी त्या दिवशी जेवले नाही. आपलं केशवराव भोसले नाट्यगृह 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री जळताना सगळ्या कोल्हापूरनं बघितलं. या दोन्ही ठिकाणी कुणाला दोष द्यायला मी लिहीत नाही, तपास करणारे वेगळे आहेत. पण आग कुठलीही असो, फायर ब्रिगेड पोचेपर्यंत तिथं जो माणूस हजर असतो त्यालाच काहीतरी करावं लागतं, आणि रात्रीच्या वेळी तो बहुतेक वॉचमनच असतो.

पुराचं पण तसंच. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याला 39 फूट पाणी म्हणजे इशारा आणि 43 म्हणजे धोका हे आपल्याकडं शाळेतल्या पोरांना पाठ आहे, 2019 आणि 2021 आपण भोगलंय. पण पाणी पार्किंगमध्ये शिरायच्या आधी लिफ्ट वर नेऊन बंद करायची, खालचा मेन स्विच पाडायचा, वरच्यांना कुठल्या क्रमानं उठवायचं, हे नदीकाठच्या किती सोसायट्यांनी आपल्या वॉचमनला करून दाखवलंय?

अजून एक, चोर सापडला की बांधून बडवायचा ही पद्धत. नवीन नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 40 प्रमाणं डोळ्यांसमोर गंभीर दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा झाला तर सामान्य माणूसही पकडू शकतो, पण उगाच वेळ न लावता, जास्तीत जास्त 6 तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. मारायचा हक्क कुणाला नाही. हे न सांगता गार्डला गेटवर उभं करणं म्हणजे त्यालाच कोर्टाच्या पायऱ्या चढायला लावणं आहे.

अडचण मला माहितीय. 12 तासाची ड्युटी करणारा माणूस 20 दिवस पगाराविना ट्रेनिंगला बसूच शकत नाही. म्हणून त्या दिवसांचा पगार आणि ट्रेनिंगचा खर्च करारातच धरला पाहिजे, तो एजन्सीनं गार्डच्या खिशातून कापता कामा नये. आम्ही दर फ्लॅटमागं महिन्याला 60 रुपये वाढवले, दोघांनी कुरकुर केली, बाकीच्यांनी मान्य केलं. नवीन करारात सर्टिफिकेटची अट घातली आणि मामांना काढलं नाही, त्यांना ट्रेनिंगला पाठवायचं ठरलंय. आणि शिकवणं मराठीत पाहिजे, मामांना कळेल अशा भाषेत, नुसतं इंग्लिश स्लाइड दाखवून सही घेतली असं नको.

तोवर सीपीआर मी स्वतः शिकवतेय. आपल्याकडं सीपीआर म्हणलं की छत्रपती प्रमिलाराजे हॉस्पिटलच आठवतं, मी म्हणतेय ते छाती दाबून हृदय चालू ठेवायचं. मामांना लोडावर करून दाखवलं, छातीच्या मधोमध, मिनिटाला 100 ते 120 वेळा, 5-6 सेंटीमीटर खोल, आणि त्याआधी कुणाला तरी 108 ला फोन करायला सांगायचं. तिसऱ्या दिवशी ते मला चूक दाखवायला लागले, की सिस्टर तुमचं कोपर वाकतंय.

रुईकर कॉलनी, सदर बाजार, ताराबाई पार्क इथल्या सोसायट्यांनी आपले 8-10 वॉचमन एकत्र करून आणले तर मी रविवारी दुपारी फुकट शिकवीन. फक्त नाईट ड्युटी करून आलेल्या माणसाला सकाळी आणू नका, त्याला आधी झोपू द्या.

आपली,
एक निवृत्त नर्स, रुईकर कॉलनी, कोल्हापूर