ऑपरेटिंग सिस्टीम ५१२ बाइटांपासून शिकवावी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

अभियांत्रिकी प्रवेशांच्या या दिवसांत संगणक शाखेची चर्चा बहुतेक करून नोकरी, पगार आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांभोवती फिरते. या शाखेच्या अभ्यासक्रमात ऑपरेटिंग सिस्टीम हा विषय असतो, पण तो क्वचितच हात घालून शिकवला जातो. अनेक वर्षे तो शिकवलेला निवृत्त अध्यापक म्हणून त्याविषयी लिहीत आहे.

प्रॅक्टिकलला विद्यार्थी राउंड रॉबिनचा, म्हणजे प्रोसेसरचा वेळ प्रत्येक कामाला आळीपाळीने थोडाथोडा देण्याच्या रीतीचा, सी भाषेतला प्रोग्राम लिहितात, बर्स्ट टाइमचे, म्हणजे कोणत्या कामाला प्रोसेसरचा किती वेळ लागेल याचे, आकडे हाताने भरतात, सरासरी प्रतीक्षाकाळ छापून घेतात आणि जर्नलवर सही मिळवतात. प्रोसेसरची खरी वाटणी त्या वेळीही त्या प्रोग्रामखाली चाललेली ऑपरेटिंग सिस्टीमच करत असते. विद्यार्थ्याचा तिच्याशी संबंध येत नाही. मीही सुरुवातीची काही वर्षे असेच शिकवले, याची मला खंत आहे. एकदा तासाला एका विद्यार्थिनीने विचारले, ‘‘सर, प्रत्येक प्रोग्राम दुसरा कुठला तरी प्रोग्राम सुरू करतो, तर मग सगळ्यात पहिला कोण सुरू करतं?’’ त्या प्रश्नाचे उत्तर फळ्यावर न देता यंत्रावर द्यायचे ठरवले आणि तेव्हापासून माझी शिकवण्याची रीत बदलली.

बायोसच्या, म्हणजे संगणकात कायमच्या साठवलेल्या प्रारंभिक प्रोग्रामच्या, जुन्या पद्धतीत संगणक सुरू झाला की डिस्कचा पहिला ५१२ बाइटांचा तुकडा मेमरीत ३१७४४ या पत्त्यावर आणून ठेवला जातो. त्याच्या शेवटच्या दोन बाइटांत षोडशमान पद्धतीतले ५५ आणि एए हे आकडे असतील, तरच बायोस त्याला बूट सेक्टर, म्हणजे संगणक सुरू करून देणारा तुकडा, मानते आणि प्रोसेसरला तेथून पुढे चालायला सांगते. तेव्हा उरलेल्या ५१० बाइटांत असेंब्लीच्या, म्हणजे प्रोसेसरच्या आज्ञा थेट लिहिण्याच्या भाषेच्या, दहा-पंधरा ओळी लिहून पडद्यावर एक अक्षर उमटवणे, ही या कामाची पहिली पायरी. नवी यंत्रे आता यूईएफआय या वेगळ्या पद्धतीने सुरू होतात. पण क्यूएमू हा इम्युलेटर, म्हणजे संगणकाची नक्कल करणारा प्रोग्राम, जुनी पद्धत जशीच्या तशी चालवतो, आणि तो, नॅझम हा असेंब्लर व जीसीसी हा कंपायलर हे तिन्ही विनामूल्य आहेत. शिकाऊ हाताने खऱ्या डिस्कवर मात्र मुळीच लिहू नये, कारण त्याच पहिल्या तुकड्यात जुन्या पद्धतीच्या डिस्कच्या विभागांचा (पार्टिशनचा) तक्ताही असतो आणि तो पुसला गेला की सगळा विदा हाताबाहेर जातो.

पुढे प्रोटेक्टेड मोड (प्रोसेसरची मेमरीचे संरक्षण करणारी अवस्था), इंटरप्टचा, म्हणजे प्रोसेसरचे चालू काम थांबवून त्याला दुसरीकडे वळवणाऱ्या संकेतांचा, तक्ता आणि ठरावीक वेळाने असा संकेत देणारा टायमर येतात. इंटरप्टचा तक्ता चुकला की प्रोसेसर लागोपाठ तीनदा अडखळतो आणि यंत्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. येथे पुष्कळ मुले हताश होतात. पण इम्युलेटरला सांगितले तर तो प्रत्येक इंटरप्टची नोंद लिहून देतो, आणि ती नोंद वाचायला शिकणे हे माझ्या मते या विषयातले सर्वांत मोलाचे शिक्षण आहे.

कीबोर्डपाशी तर मराठी विद्यार्थ्याने मुद्दाम रेंगाळावे. कीबोर्ड अक्षर पाठवत नाही, तो कळीचा क्रमांक पाठवतो: ‘के’ची कळ दाबली की ३७ आणि सोडली की त्यात १२८ मिळवून १६५. या ३७ला ‘के’ म्हणायचे की इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या कळरचनेप्रमाणे ‘क’, हे तक्ता लिहिणाऱ्याच्या हातात असते. त्यापाठोपाठ ३३ आला की ऱ्हस्व वेलांटी. ती टंकली जाते ‘क’नंतर, पण काढावी लागते ‘क’च्या आधी. ८० स्तंभ आणि २५ ओळींच्या मजकुरी पडद्यावर साधारणपणे २५६ ठरीव आकारच मिळतात. त्यांत जोडाक्षरे मावत नाहीत, म्हणून ठिपक्याठिपक्याने पडदा रंगवणे भाग पडते. स्वतः लिहिलेल्या कर्नलवर, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यावर, ‘कि’ नीट उमटवून दाखवणाऱ्या विद्यार्थ्याला मी पूर्ण गुण दिले होते आणि आजही देईन.

असे काम विद्यार्थ्यांच्या आवाक्याबाहेरचे नाही. हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टॉरवल्ड्स यांनी ऑगस्ट १९९१मध्ये आपल्या घरच्या ३८६ प्रोसेसरच्या संगणकावर ऑपरेटिंग सिस्टीम लिहिण्याच्या खटपटीची माहिती प्रथम जाहीर केली, तेव्हा त्यांनी तिला छंदच म्हटले होते. तिची, म्हणजे लिनक्सची, सप्टेंबरातली पहिली आवृत्ती सुमारे दहा हजार ओळींची होती. आज तर एमआयटीत शिकवण्यासाठी लिहिलेली एक्सव्ही६ ही छोटी ऑपरेटिंग सिस्टीम संपूर्ण वाचता येते. स्वदेशी ऑपरेटिंग सिस्टीमचा विषय निघाला की सी-डॅक या सरकारी संस्थेच्या ‘बॉस’ या सिस्टीमचे नाव घेतले जाते, ते काम उपयोगाचे आहे, पण ते डेबियन या लिनक्सवर आधारलेल्या सिस्टीमवर, म्हणजे लिनक्सच्याच कर्नलवर उभे आहे. कर्नल लिहू शकणारी माणसे हवी असतील, तर ती पदवीच्या वर्गांतच घडवावी लागतील.

म्हणून विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांना विनंती आहे की, या विषयाची निम्मी प्रॅक्टिकल्स बूट सेक्टर, कीबोर्ड आणि टायमर यांना द्यावीत, आणि प्रयोगशाळेतले जुने संगणक त्यासाठी पुरेसे आहेत हे लक्षात घ्यावे. तोंडी परीक्षेत व्याख्या विचारण्याऐवजी परीक्षकांनी विद्यार्थ्याच्याच कोडमधली एक ओळ खोडावी आणि आता काय होईल, ते विचारावे.

आपला विश्वासू,
संगणक अभियांत्रिकीचा एक निवृत्त अध्यापक, कराड