शंख

गुहागर,
अनंत चतुर्दशी

चि. सुहास यास अनेक आशीर्वाद.

चिपळूणला तू गाडीत बसल्याचा फोन आला तेव्हा मी मागीलदारी होतो. पोफळीच्या आळ्यात सिगारेटची सात थोटके सापडली. ती पुरून टाकली, तुझ्या आईला सांगितले नाही. या विषयावर लिहायचे नाही असे ठरवले होते, पण परवाच्या आरतीत तू शंख मधूनच खाली ठेवून खोकत पडवीत गेलास, ते डोळ्यांपुढून हलत नाही. नवव्या वर्षी त्याच शंखाचा नाद तू वरच्या वाडीपर्यंत पोहोचवला होतास.

'मनात आणले की सोडीन' हे तुझे बोलणे मला पटत नाही, कारण बिडी ओढताना मीही तेच म्हणत असे. धुरातले निकोटीन काही सेकंदांत मेंदूपर्यंत जाते आणि ते उतरू लागले की जीव पुन्हा मागणी करतो. दोनदा सोडून मी पुन्हा धरली होती, हे तुला कधी सांगितले नाही. तिसऱ्या खेपेस पहिले तीन दिवस झोप नव्हती, आंब्याच्या पेट्या भरताना गड्यांवर खेकसलो आणि काही कारण नसता तुझ्या पाठीत धपाटा घातला. ती तगमग ओसरायला महिना लागला. तुझी आत्या तर मशेरीपुढे अजून हरते आहे.

वाडीतून जहाजावर इंजिनिअर होऊन गेलेला तू पहिला, हे मी भेटेल त्याला सांगतो. पण तिथल्या रात्रपाळीत तुझ्या छातीचे काय होत असेल, हे कोणाला विचारू? जहाजावर चढायला अजून महिना आहे. डॉक्टरांना विचारून निकोटीनचे च्युइंगम घे. ते सतत चघळायचे नसते, थोडे चावून तंबाखूसारखे गालात धरायचे असते. मदतीचा क्रमांक, १८००-११-२३५६, तुझ्या पाकिटावरच छापलेला आहे.

पुन्हा उपदेशच झाला, राग मानू नकोस. बिडीचे बंडल आणायला तुला दुकानावर मीच धाडीत असे आणि उरलेल्या पैशांत तू लिमलेटच्या गोळ्या घेत असस. त्या मी कौतुकाने घेऊ दिल्या.

शंख धुऊन देव्हाऱ्यात ठेवला आहे. खोकला कमी झाला का, असे आई रोज विचारते. तिला उत्तर तू स्वतःच दे.

तुझे,
बाबा