दादा, शनिवारच्या रात्रीबद्दल थँक्यू

दादा,

नाव टाकू नकोस म्हणालात म्हणून नुसतं दादा. फोनवर थँक्यू म्हणायला गेलो तर "बरं बरं, झोप आता" म्हणून कट केलात, मग आता इथे सगळ्यांसमोर लिहितोय.

ऐन दिवाळी अंकांच्या गडबडीत काकांच्या प्रेसचा मेल सर्व्हर डेबियन (त्याची ऑपरेटिंग सिस्टिम) 12 वरून 13 वर न्यायचं खूळ माझंच, तेही शनिवारी रात्री, का तर रविवारी प्रेस बंद असते (सीझनला नसते, हे मला नंतर आठवलं). अपग्रेड झालं आणि डव्हकॉट, म्हणजे आलेली मेल सगळ्यांना दाखवणारा प्रोग्राम, उठेचना. सर्व्हरची ओळख पटवणारं सर्टिफिकेट गंडलंय असं धरून मी सर्टबॉट या प्रोग्रामने नवीन काढलं, परत काढलं, अजून एकदा काढलं. तुम्ही आधी तेच थांबवलंत, कारण सर्टिफिकेट देणारी संस्था, लेट्स एन्क्रिप्ट, त्याच नावांसाठी आठवड्यात 5 च्या वर देत नाही. मग म्हणालात, "लॉग वाच, मोठ्याने, जसाच्या तसा." वाचल्यावर कळलं की डव्हकॉट 2.4 ला जुनी कॉन्फिग (सेटिंगची फाइल) चालतच नाही, पहिलीच सेटिंग कॉन्फिग व्हर्जनची लागते, एसएसएल_सर्ट चं एसएसएल_सर्व्हर_सर्ट_फाइल झालंय आणि पाथच्या आधीचा तो बाणही काढायचा. सर्टिफिकेट बिचारं पहिल्यापासून ठीक होतं!

पण बदलताना मी घाईत फुलचेन.पेम (आमचं आणि ते देणाऱ्याचं मधलं, दोन्ही सर्टिफिकेटं असलेली फाइल) ऐवजी सर्ट.पेम (नुसतं आमचं) लिहून बसलो. लॅपटॉपवर थंडरबर्ड हे मेलचं ॲप मस्त चालू, काकांचा मोबाइल मात्र सर्टिफिकेटवर विश्वास नाही म्हणून अडून बसला. मी म्हटलं सगळ्यांना सांगतो एक्सेप्ट दाबा, तर केवढे ओरडलात. "आज काकांना वॉर्निंगवर ओके दाबायला शिकवलंस की उद्या बँकेच्या नावाने काहीही आलं तरी दाबतील." बरोबरच होतं ते.

मग ओपनएसएसएलच्या एस-क्लायंट या तपासणीच्या कमांडने 993 पोर्टला (डव्हकॉटचं दार) विचारायला लावलंत. चेनमध्ये एकच सर्टिफिकेट, आमचं, आणि खाली एरर 21, म्हणजे सर्टिफिकेटची पडताळणी होत नाही. "सातबारा दाखवतोयस पण फेरफार घरी ठेवलायस," हे तुमचं वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय. लॅपटॉपकडे ते मधलं सर्टिफिकेट आधीच साठवलेलं होतं म्हणून तो गप्प होता, मोबाइलकडे नव्हतं. फाइल बदलली, रिलोड मारला, व्हेरिफाय रिटर्न कोड 0, म्हणजे सगळं ठीक. मी नाचायला लागलो तर तुम्ही शांतपणे, "587 बघितलास?" ते मेल पाठवायचं पोर्ट, तिथल्या पोस्टफिक्स या प्रोग्रामला मी हात लावला नव्हता, म्हणून वाचलो.

झोपायच्या आधी डिप्लॉय हुकही (नवं सर्टिफिकेट आलं की आपोआप चालणारी कमांड) घालून घेतलात, कारण सर्टिफिकेट 90 दिवसांचं, सर्टबॉट ते वेळेत बदलेल पण डव्हकॉट रिलोड होईपर्यंत जुनंच धरून बसेल. हे मला माहीतच नव्हतं, आजपर्यंत अपडेटच्या रीबूटवर निभावत होतं बहुतेक.

रविवारी सकाळी जाहिरातींची सगळी प्रूफं काकांच्या मोबाइलवर आली. तुमचा घरचा पत्ता तेवढा पाठवा, अंक छापून झाला की काकूंच्या चकल्यांसकट पाठवतो.