९८ अंशांवर उकळणारं पाणी आणि आमचे प्रयोगशाळेतले मामा

मामा, नमस्कार.

निरोप समारंभात तुम्हाला शाल-श्रीफळ मिळालं. भाषणांत ‘वक्तशीर’, ‘मनमिळाऊ’, ‘हसतमुख’ हे सगळं येऊन गेलं. (हसतमुख? जर्नल विसरणाऱ्या पोरांना विचारावं एकदा!) तुम्ही प्रयोगशाळेत नक्की काय केलंत, ते मात्र कोणीच सांगितलं नाही, म्हणून हे जाहीर पत्र. विज्ञानाच्या बाई मी असले, तरी पेठेतल्या आपल्या शाळेत विज्ञान घडायचं ते तुमच्या टेबलावर.

उकळत्या पाण्यातली तापमापी ९८ च्या आसपास थांबते आणि मुलं वहीत १०० लिहितात, कारण पुस्तकात १०० आहे. तुम्ही ती वही परत करायचात. “दिसलं ते लिही, मग भांड.” आणि भांडण लागायचंच. तापमापी बिघडली का? पाणी खारं का? शेवटी कोणीतरी भूगोलाचं पुस्तक काढायचं. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच, हवेचा दाब तेवढा कमी, म्हणून पाणी दोनेक अंश आधीच उकळतं.

पण मला खरं जिंकलं ते मेणबत्तीने. ताटलीत पाणी, मधे पेटती मेणबत्ती, वरून पेला उपडा. ज्योत विझते, पाणी पेल्यात चढतं आणि सगळीकडे सांगतात की ऑक्सिजन संपला, त्याची जागा पाण्याने घेतली. तुम्ही पोरांना एवढंच विचारलंत, “ऑक्सिजन जळताना संपतो ना? मग पाणी विझेपर्यंत का थांबतं?” वर्ग गप्प. मग तुम्ही तसाच पेला घेऊन एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावल्यात आणि पाणी आणखी वर गेलं. हवा तीच, ऑक्सिजन तेवढाच! मागच्या बाकावरच्या एका मुलीने पेल्याच्या कडेने सुटणारे बुडबुडे पाहिले होते. तापलेली हवा फुगून बाहेर पडते, ज्योत विझली की उरलेली हवा गार होऊन आकसते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो. पेल्यातला सगळा ऑक्सिजन संपतही नाही, आणि जो संपतो त्याच्या जागी बराचसा कार्बन डायऑक्साइड येतो. हे त्या तासाला मुलांनीच काढलं, तुम्ही काड्यापेटी खिशात टाकून उभे होतात.

मॅग्नेशियमची फीत आधी पॉलिश पेपरने घासायची, आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही, हे तर तुमच्या हाताखालून गेलेल्या प्रत्येकाला पाठ आहे.

मेच्या सुटीत तुम्ही गच्ची उघडायचात, त्याचे आभार वेगळे. १३ मेच्या सुमारास पुण्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या नळीची सावली तिच्याच बुडाशी गडप होते. तीही बाराला नाही, साडेबाराच्या आसपास, कारण आपलं घड्याळ ८२.५ रेखांशाचं आणि पुणं त्याच्या पश्चिमेला सुमारे साडेआठ अंश. अंशाला चार मिनिटं, हा गुणाकार पोरं त्या उन्हात आनंदाने करायची. जुलैअखेरीस सूर्य पुन्हा तसाच येतो, पण तेव्हा ढगांपुढे कोणाचं चालतंय!

आणि मुठेचं पाणी. ओंकारेश्वराजवळून आणलेली एक बाटली, नळाची एक. दोन्ही काठोकाठ भरून, मिथिलीन ब्लू घालून, घट्ट बूच लावून कपाटात. नदीच्या बाटलीतला निळा रंग उडून जायचा, नळाचा टिकायचा. सांडपाणी कुजवणारे जिवाणू पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन खाऊन टाकतात, तो संपला की रंग जातो. बूच काढून बाटली खळखळून हलवली की निळा परत! मासे का मरतात, यावर मी तासभर बोलले असते तरी एवढं पटलं नसतं.

यंदा हा प्रयोग मला एकटीने लावायचाय आणि एक अडचण आहे. बाटलीला मिथिलीन ब्लूचे थेंब किती? तुम्ही अंदाजाने घालायचात आणि वहीत कुठेही लिहिलेलं नाही. दुसऱ्यांच्या वह्या तेवढ्या परत करायचात! रविवारी सकाळी फोन करते, आकडा तयार ठेवा.

तुमची,
विज्ञानाच्या बाई