आईच्या पित्ताशयाबद्दल, तुम्हा दोघांनाही

प्रिय आई, बाबा,

तुम्हाला न विचारता आईचं पित्ताशय काढायच्या ऑपरेशनची तारीख घेऊन टाकली आहे. पुढच्या महिन्याची १२. रागवा, पण आधी पूर्ण वाचा.

"मी आता स्वयंपाकघरात पाऊल टाकणार नाही, माझ्यामुळे पिल्लू आजारी पडलं," असं आई परवा फोनवर म्हणाली, तेव्हापासून मला झोप नाही. आई, तुझ्या पित्ताशयात अजून दडून बसलेले टायफॉईडचे जंतू तुला माझ्याच टायफॉईडमध्ये लागले ना? रात्र रात्र उशाशी बसून कपाळावरच्या पट्ट्या बदलायचीस. मी शाळेत जायला लागले आणि तू अंथरूण धरलंस. मग दोष कुणाचा म्हणायचा?

आणि बाबा, तिला मेरी मॅलनची गोष्ट कशाला सांगितलीत? न्यूयॉर्कची ती स्वयंपाकीण स्वतः ठणठणीत होती, पण तिच्या अंगातल्या जंतूंनी इतरांना टायफॉईड व्हायचा, म्हणून तिला १९०७ मध्ये बेटावर नेऊन ठेवलं. मधली पाच वर्षं सुटली, तेवढी सोडली तर १९३८ मध्ये मरेपर्यंत ती तिथेच होती. पित्ताशय काढून टाकू म्हणाले, तर तिचा विश्वास बसेना. अँटिबायोटिक तर तेव्हा नव्हतीच. आपल्याकडे औषधही आहे आणि डॉक्टरही चांगले आहेत.

बाबा, गच्चीवरची टाकी आठवते? मला आत उतरवून हातात ब्रश द्यायचात. भिंतीला तो बुळबुळीत थर असायचा, बादल्यांनी पाणी मारलं तरी हलायचा नाही, खरवडावाच लागायचा. आईच्या पित्ताशयातल्या खड्यांवर तसाच थर आहे. टायफॉईडचे जंतू रक्तातून यकृतात आणि तिथून पित्ताबरोबर पित्ताशयात उतरतात. पित्तात बहुतेक जंतू तग धरत नाहीत, यांना मात्र खडा सापडला की ते त्याला चिकटतात आणि स्वतःभोवती चिकट आवरण विणतात. त्यालाच बायोफिल्म म्हणतात. पित्तानेच ते विणणं वाढतं, हे ऐकून मी थक्क झाले. आत ते सुस्त पडून राहतात, त्यामुळे औषध त्यांना धड मारत नाही. अधूनमधून काही सुटतात, पित्ताबरोबर आतड्यात जातात आणि शौचावाटे बाहेर पडतात. आईला ना ताप, ना दुखणं. टायफॉईड झालेल्या शंभरातल्या एक ते पाच जणांचं असं होतं, आणि त्यातल्या बहुतेकांना खडे असतात. यात तुझी अस्वच्छता कुठे आली, आई?

गोळ्यांचे कोर्स झाले, खडा तिथेच आहे. म्हणून पित्ताशयच काढायचं, दुर्बिणीतून, छोट्या छेदांतून. त्याच्याशिवाय माणूस नीट जगतो, कारण पित्त यकृतात तयार होतं. वाट पाहत राहिलो तर पुढे पित्ताशयाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. हे लिहायचं नव्हतं, पण तू "राहू दे गं" म्हणशील म्हणून लिहिलं.

खोली खिडकीजवळची मागितली आहे. तुझी उशी आणि निळी शाल मी घेऊन येते. बाबा, तुम्ही रात्री तिथे बसायचं नाही, मी बसणार.

ऑपरेशननंतरही गोळ्या सांगितल्यात तितके दिवस घ्यायच्या, एकही चुकवायची नाही. क्वचित यकृताच्या नळ्यांत जंतू उरतात, आणि ते रोज बाहेर पडत नाहीत. म्हणून एक तपासणी साफ आली तरी पुढच्याही करायच्या. तोवर शौचाहून आल्यावर आणि जेवणाला हात लावण्याआधी साबणाने हात चोळून धुवायचे. बाबांनीसुद्धा.

आणि आई, पिल्लू बरं आहे. काल आजीच्या मांडीवर बसायचं म्हणून हट्ट धरला होता. खुशाल बसव.

तुमची,
ताई