रविवारची आठवण : आतड्यातले जीवाणू आणि संशोधनातलं करिअर

सभासदहो, रविवारी संध्याकाळी ६ वाजताच्या ऑनलाइन गप्पा पक्क्या आहेत. मायक्रोबायोलॉजीच्या एम.एस्सी.वाल्यांनी चुकवू नये.

मागच्या वेळी बरेच जण ‘प्रोबायोटिक कंपनीत नोकरी मिळेल का?’ याच्या पुढे गेलेच नाहीत. खरी गंमत पुढेच आहे. उंदराच्या लहान आतड्याच्या अस्तराला चिकटून राहणारे धाग्यासारखे जीवाणू टीएच१७ नावाच्या प्रतिकारपेशी तयार करायला लावतात, हे २००९ मध्ये दाखवलं गेलं. एक जीवाणू, आणि तिथल्या प्रतिकारशक्तीचा नूरच बदलतो! असलं काम करायचं तर ऑक्सिजनविरहित चेंबरच्या रबरी हातमोज्यांत हात घालून तासन्‌तास बसणं आलं, आणि सिक्वेन्सिंगचा (जीवाणूंचा डीएनए वाचून मिळालेला) डेटा चाळायला आर किंवा पायथॉन या प्रोग्रामिंग भाषाही. (कोडिंगला नाक मुरडणाऱ्यांना पुढे जड जातं.)

अशा संशोधनासाठी पुण्यात एनसीसीएस (राष्ट्रीय पेशीविज्ञान संस्था) आहे, फरीदाबादला टीएचएसटीआय (आरोग्यविज्ञान आणि तंत्रज्ञानाची संशोधन संस्था). पीएच.डी.साठी सीएसआयआर-नेट किंवा डीबीटीची (केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची) बीईटी ही पात्रता परीक्षा द्या. जेआरएफ (कनिष्ठ संशोधकांची शिष्यवृत्ती) २०२३ पासून महिना ३७,००० रुपये झाली, घरभाडं वेगळं.

प्रश्न शनिवारपर्यंत ग्रुपवर टाका. ‘सर, स्कोप काय?’ सोडून काहीही चालेल. लिंक रविवारी सकाळी.