वालाला हात लावू देऊ नकोस

चि. सायली,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आजी आता काठी घेऊन अंगणापर्यंत येते, पण तिला एकटं सोडून मला इतक्यात नेरूळला परतता येईल असं दिसत नाही. तेव्हा परसातले वाफे यंदा तूच बघ. बाबांवर सोपवू नकोस. हातात नळी आली की ते वाफ्याचं तळं करतात.

आपल्याकडे थंडी म्हणजे झाडांच्या विश्रांतीचे दिवस नव्हेत. पावसात पालेभाजी कुजते, मार्चपासून ऊन करपवतं. मधले हे तीन-साडेतीन महिने काय ते आपले. म्हणून मेथी-कोथिंबीर एकदम पेरू नकोस. दहा-बारा दिवसांनी एकेक पट्टा पेरत जा. मेथी महिन्याभरात काढायला येते. सगळी एकदम पेरलीस तर आठवडाभर अख्खी गल्ली मेथी खाईल आणि पुढे आपणच बाजारातून जुड्या आणू. धने हलके रगडून त्यांची डाळ कर, रात्रभर भिजव, मग पेर. उगवायला आठ-दहा दिवस घेतात. चौथ्या दिवशी माती उकरून बघायची नाही!

आता उन्हाचं. समोरची इमारत आपल्या दक्षिणेला. मेच्या मध्याला दुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो, तेव्हा तिची सावली तिच्या पायाशीच. डिसेंबरात मात्र भर दुपारीही तो क्षितिजापासून जेमतेम 47 अंशांवर येतो, म्हणजे इमारत जितकी उंच, जवळजवळ तितकी लांब सावली. कुंपणाकडच्या वाफ्याला दुपारचं ऊन मिळतच नाही. तिथे पालक आणि पुदिना राहू दे; टोमॅटो-वांगी मागच्या भिंतीशी, जिथे सहा तास तरी ऊन येतं. कोबीची रोपं विकायला आली तरी आता घेऊ नकोस. फेब्रुवारीत उकाडा सुरू झाला की गड्डा धरत नाही.

पाणी सकाळीच घाल, तेही मातीत बोट घालून बघून. वरची माती वाऱ्याने कोरडी दिसते, पण खाली दाबून बसवलेला भराव आहे, पाणी मुळाशी साचून राहतं. रस्त्याची आणि बांधकामांची धूळ पानांवर बसते, ती आठवड्यातून एकदा धुऊन काढ. तेही सकाळीच, रात्री दव पडतं, त्यात पानं आधीच ओली असली की बुरशी आलीच.

वालाचा वेल जूनपासून नुसता पसरतोय म्हणून बाबा तो उपटायच्या गोष्टी करत होते. हात लावू देऊ नकोस. हा गावठी वाल दिवस लहान झाल्याशिवाय फुलतच नाही. आत्ता तुरे दिसू लागले असतील. त्या तुऱ्यांवर काळा मावा बसतो, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे. शेंड्याकडे मुंग्यांची रांग निघाली की पानं उलटून बघ. माव्यात एखादी काळपट, नारिंगी ठिपक्यांची, सुसरीसारखी अळी फिरत असेल तर तिला मारू नकोस. ती ढालकिड्याची, म्हणजे लेडीबगची अळी, दिवसभर मावाच खात असते. ती दिसली तर दोन-चार दिवस काही फवारू नकोस. नसेल तर आधी नुसत्या पाण्याचा जोरात फवारा मार. तरीही मावा हटला नाही तर लिटरभर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि साबणाचे थोडे थेंब, उन्हं उतरल्यावर. भर उन्हात मारलंस तर पानं भाजतील.

जानेवारीत शेंगा भरल्या की पहिल्या तोडीच्या थोड्या इकडे पाठव, आजी रोज विचारते. आणि बुंध्याजवळच्या दहा-बारा टपोऱ्या शेंगांना लाल दोरा बांध. त्या वेलावरच वाळू देत, पुढच्या जूनचं बियाणं तेच. शेजारच्या काकूंना आधीच सांगून ठेव, नाहीतर सकाळी फुलं काढता काढता त्या दोऱ्यासकट नेतील.

तुझी,
आई